थांबल्याचे पैसे

माझ्या थोरल्या लेकाची किंमत शून्य निघाली. भांडणात कुणी असं बोललं असतं तर त्याची जीभ मी त्याच्याच हातात दिली असती. पण बोलली एक भिंत. विट्याच्या मंगल कार्यालयात नवरदेवाच्या खुर्चीमागे उजेडाचा फळा लावतात, ती भिंत. सनई, सिद्धनाथ जावीर, आणि त्याच्यापुढे आकडा पळत होता. डफ, नामदेव जावीर, माझा पुतण्या, त्याचंही बरं चाललं होतं. सगळ्यात खाली सूर, बिरुदेव जावीर, शून्य. अक्षता पडल्या, हार पडले, नवरीच्या आईने डोळ्याला पदर लावला, सनईचा आकडा टुणकन वर गेला. शून्य जागचं हललं नाही. पंगतीला जाता जाता एक पोरगं बापाला म्हणालं, पप्पा, तो लाल फेटेवाला नुसताच फुगून बसलाय, त्याला झीरो मिळालाय. बाप हसला. आई हसली. माझा बिरा गाल फुगवून तसाच बसून राहिला, कारण हसायला किंवा रडायला त्याचं तोंड मोकळं नव्हतं.

मी केराबाई जावीर. आटपाडीकडच्या चार तालुक्यांत आमचा सनईचा ताफा माहीत नाही असं घर नव्हतं, आणि ताफ्याची मालकीण मी. माझी शाळा चौथीत सुटली. पण सनईतलं मला कुणी शिकवायचं नाही.

ज्यांनी सनई फक्त यंत्रातून ऐकली आहे त्यांच्यासाठी सांगते. सनया दोन असतात. एक गाते. दुसरीची भोकं मेणाने बुजवलेली असतात, तिच्यातून एकच आवाज येतो, आणि तो पहिल्या फुंकरीपासून लग्न लागेपर्यंत तुटू द्यायचा नाही. ह्या दुसरीला आम्ही सूर म्हणतो. गालात वारा साठवायचा, तो सोडता सोडता नाकाने नवा घ्यायचा. बघणाऱ्याला वाटतं माणूस झोपला आहे. पण गाणारी सनई किती का भटकेना, तिला परत यायला घर असतं ते सुराचं. माझा नवरा सनई वाजवायचा आणि धाकटा दीर सूर धरायचा. त्याची छाती बसली तेव्हा दुसरं माणूस मिळेना म्हणून मी पदर खोचून बसले. गाव बोललं, बाईमाणूस गाल फुगवून बसतंय, लाज सोडली. बोलणारे मेले, मी अठरा वर्षं बसले. मग बिरा हाताशी आला, आणि मी उठून ताफ्याचा कारभार घेतला.

आमचा एक रिवाज होता. आधी नारळ, सुपारी आणि ठरलेली रक्कम सुपात घालून समोर यायची, मग सनईच्या तोंडाची पत्ती ओठाला लागायची. वाजवल्यावर देतात ते बक्षीस, आणि बक्षीस नोकराला देतात. माझ्या सासऱ्यांच्या काळी एका पाटलाने म्हटलं होतं, वाजवा आधी, आवडलं तर देऊ. त्या काळी आम्हाला मांडवात जागा नसायची, चपलांच्या ढिगाशेजारी बसवायचे. सासरे तिथून उठले, समोरच्या लिंबाखाली जाऊन पाय पसरून बसले. मुहूर्त डोक्यावर आला. सनईशिवाय लग्न लागायचं नाही, भटजी अडला. शेवटी पाटील स्वतः सूप घेऊन उन्हात लिंबाखाली आला. हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते, आणि दर वेळी माझी मान दोन बोटं वर जाते.

तो रिवाज मोडला त्याची गोष्ट ही.

गाणं फुकट झालं तेव्हाच आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. फोनला सांगायचं, सनईसारखं काहीतरी कर, जरा आनंदी कर, मध्ये माझ्या मावशीचं नाव घाल. तुम्ही वाक्य संपवायच्या आत गाणं तयार. असल्या गाण्याला पैसे कोण देणार? विहिरीच्या पाण्याला दिल्यासारखं. मग माणसांना प्रश्न पडला की गाण्याला पैसे द्यायचेच कशाला, आणि ह्या प्रश्नाचं उत्तर घेऊन 'लहर' नावाची कंपनी आली. ती म्हणाली, गाण्याला देऊच नका. अंगावर काटा आला तर तेवढ्या काट्याचे द्या.

तिचा माणूस घरी आला होता. ईशान जगदाळे. लेकरासारखा चेहरा, पायातले बूट उंबऱ्याबाहेर काढून, वाकून पाया पडून आत आला. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसं परवडतात, त्यांना शिव्या लागू पडतात. त्याने मनगटावरची पट्टी काढून माझ्या हातात दिली आणि समजावून सांगितलं. कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. मेंदू हलला की तो आखडतो आणि केस उभा राहतो. आपण ऐकत असतो तेव्हा पुढे काय येणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधत असतो. तो अंदाज एकदम चुकला, किंवा फार ताटकळून एकदाचा बरोबर आला, की शहारा येतो. पट्टीतला इवलासा डोळा केस उभे राहिलेले बघतो, सोबत घाम आणि नाडी मोजतो. कार्यालयाच्या छतात कान बसवलेले असतात, ते प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा काढतात. शहारा यायच्या आधी दोन-तीन सेकंदांत ज्या वाद्यात बदल झाला, शहारा त्याच्या नावावर. तेवढे पैसे पाहुण्याच्या खात्यातून वाजवणाऱ्याच्या खात्यात. यजमानाला एक रुपया खर्च नाही, आणि ज्याला काही वाटलं नाही त्याचा खिसा शाबूत.

मी विचारलं, "जेवणाचे पैसे ढेकरा मोजून देतोस काय रे बाबा?"

तो म्हणाला, "आजी, त्याच्यावरही काम चालू आहे."

तो थट्टा करत नव्हता. मी चहा पुढे केला आणि विचारलं, तुमचं यंत्र बदल मोजतं. मग जे बदलतच नाही त्याचं काय?

"ते मेंदू स्वतःच गाळून टाकतो, आजी. आता बघा, अंगावर लुगडं आहे, ते दिवसभर जाणवतं का तुम्हाला?"

"फेडून बघ म्हणजे जाणवेल."

पोरगं कानापर्यंत लाल झालं आणि चहा संपवून निघालं. मी जिंकले असं मला वाटलं. पण वर्षभरात चारही तालुक्यांतल्या कार्यालयांनी लहरशी करार केले, आणि करारात लिहिलं होतं की लहरवर नाव नसेल त्याला दारात उभं करायचं नाही, आणि लहरवर नाव असेल त्याने कुठेही सुपारी घ्यायची नाही. सुपारी घेतली की मोजणी बिघडते म्हणे. माणूस आधीच पैसे दिले म्हणून उगाच मन लावून ऐकतो.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून बघते. त्यांनाही ते माहीत होतं. आधी दिलं की माणूस मन लावून ऐकतो. त्यांनी त्याला बिघाड म्हटलं.

विट्याच्या त्या दिवसानंतर घरात पहिली फट पडली ती वाटणीवरून. ताफ्यात वाटे सारखे, हा नियम माझ्या सासऱ्यांच्या आधीपासूनचा. धाकट्याची बायको वैजयंता भाकरी थापता थापता म्हणाली, आत्या, मशीन खोटं बोलत नाही, ज्याचं त्याला मिळावं. मी म्हटलं, मग चुलीवरही पट्टी बसवू. भाजी तुझ्या नावावर, मीठ माझ्या नावावर, बघू मिठाला काय येतं. पण त्या महिन्यापासून सिद्धाचे पैसे सिद्धाच्या खात्यात राहिले. वेगळी चूल त्यानंतर दिवाळीला झाली.

सिद्धा माझा धाकटा. बापाचा हात त्याच्याकडे आला आहे, हे मी रागातही कबूल करते. पण फळा समोर आल्यापासून त्याचं वाजवणं नवरीकडे बघेना, आकड्याकडे बघू लागलं. पाठवणीची धून लागली की बायकांच्या अंगावर काटा येतो हे त्याला कळलं. मग तो ती हळदीतच वाजवू लागला. अजून पोरीच्या अंगाला हळद लागली नाही, आणि ह्याने तिला सासरी पाठवून दिली. मग लहरने कानात घालायला एक बोंडूक दिलं. कुठल्या रांगेतल्या पाहुण्यांच्या नाड्या मंदावल्या, आता उंच जा, आता खाली ये, असं ते त्याच्या कानात कुजबुजायचं. आकडा वाढत गेला. त्याने गाडी घेतली. मला बसवून सिद्धनाथाच्या दर्शनाला खरसुंडीला घेऊन गेला, आणि गाडीत सबंध वाटेवर मी त्याच्याशी बोलले नाही.

मग त्याने काडेपेटीएवढी एक डबी आणली. दाबली की सूर सुरू. थकत नाही, जेवत नाही, वाटा मागत नाही.

बिराने आपला सूर धुवून, पुसून, धडप्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि डाळिंबाच्या पॅकिंग शेडमध्ये जाऊ लागला. बारीक-मोठी फळं वेगळी करायची. माझं रक्त उकळलं. अरे भांड तरी, मी म्हटलं, तुझा भाऊ आहे, लाथ घाल त्याच्या डबीला.

तो म्हणाला, "आई, फळा खोटं काय सांगतोय? माझ्यानं कुणाच्या अंगावर काटा येत नाही. तुझ्या सुनेच्या अंगावरसुद्धा कधी आला नाही."

त्याची बायको सखू ओसरीवर शेंगा फोडत होती, ती खुदकन हसली. मी दोघांनाही घराबाहेर काढायचं बाकी ठेवलं. मला राग ह्याचा आला की हा माणूस पंचवीस वर्षं ज्याच्या जिवावर दुसरे गात होते तो आहे, आणि एका भिंतीच्या सांगण्यावरून ह्याने स्वतःला खाली उतरवून ठेवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की ह्यांना दाखवलंच पाहिजे. लुगड्याचं बोलणं मी ईशानला उगाच टाकलं होतं, पण ते माझ्याच मनात रुतून बसलं होतं.

सांगलीबाहेर एका कारखानदाराच्या मुलीचं लग्न ठरलं. मोठं लॉन, दीड हजार पाहुणे, सगळ्यांच्या मनगटाला पट्ट्या. मी सिद्धाला सांगितलं, डबी घरी ठेव, त्या दिवशी सूर मी धरते. त्याने लहरला विचारलं. लहरला आनंद झाला. म्हातारी बाई सूर धरून बसली की पाहुण्यांच्या छातीत आधीच हालचाल होते म्हणे. फळ्यावर नाव चढलं. सूर, केराबाई जावीर.

पत्ती ओठाला लागली तेव्हा मला वाटलं होतं दम पुरणार नाही. पुरला. गाल विसरले नव्हते. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला, आणि सिद्धा नेहमीसारखा उंच गेला, जिथून पुढे शिडी नाही तिथे जाऊन थांबला. तिथे मी सूर तोंडातून काढला.

मला माहीत होतं काय होणार. सनई तोंडावर आपटणार. ती आपटली. सिद्धाचा तो वरचा स्वर लोंबकळला, थरथरला, किंचित उतरला. त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी जत्रेत हात सुटल्यावर बघायचा तसं. लॉनवर कुणी वाढपी पळी आपटत होता तोही थांबला. आता कळेल सगळ्यांना, मी मनात म्हटलं, आता ह्यांच्या भिंतीवर सगळेच्या सगळे शून्य होतील.

पहिल्या रांगेत शालू नेसलेल्या बायका होत्या. त्यांच्या दंडावरचे केस उभे राहताना मी माझ्या डोळ्यांनी बघितले. एकीने हाताने दंड चोळला. कुणीतरी हुंदका दिला. लग्न अर्धवट सोडवेना म्हणून माझ्या ओठांनी आपसूक पत्ती परत धरली, सूर आला, सिद्धा त्याच्यावर येऊन कोसळला, आणि सगळ्या लॉनने एकदम श्वास सोडला. मग टाळ्या. लग्नात टाळ्या. मी फळ्याकडे बघितलं. सूर, केराबाई जावीर, आणि पुढे एवढा आकडा की तो मावायला नावाचं अक्षर बारीक झालं होतं.

यंत्राने बरोबरच केलं होतं. बदल झाला, शहारा आला, ज्याच्यात बदल झाला त्याच्या नावावर लावला. मी सुराला किंमत आणायला गेले होते. किंमत आली ती सूर सोडण्याला.

दुसऱ्या दिवशी ईशान पेढे घेऊन आला. त्यांच्याकडे जगभरातल्या मोजण्या होत्या, पण ही युक्ती कुणाला सुचली नव्हती. त्याने तिचं नावही ठेवलं होतं, थांबा. माझं नाव देऊन ते बाकीच्या ताफ्यांना शिकवणार होते. मी पेढ्यांचा पुडा त्याच्या हातात परत ठेवला. म्हटलं, त्या दिवशी तुझ्याशी थट्टेत बोलले. आज तू खरंच धंदा काढलास. नेसून बसण्याला दमडी मिळत नाही, फेडण्याला ढीग पडतो. असल्या धंद्याला आमच्याकडे वेगळं नाव आहे, तुझी आई सांगेल.

तो खाली मान घालून म्हणाला, "आजी, लोकांना काय वाटतं ते आम्ही फक्त मोजतो."

"मोजता मोजता तेवढंच उरतं रे," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

माझ्या दार लावण्याने काय होतंय? दोन महिन्यांत सांगोल्यापासून जतपर्यंत सगळे ताफे थांबा करू लागले. सूर धरायचा, तोडायचा, धरायचा, तोडायचा. डबीतही थांबा आला, वाजवणाऱ्याने मान हलवली की तिचा सूर तुटायचा. लोकांना सवय झाली की शहारा यायचा बंद होतो, म्हणून मग थांबे जवळ जवळ आले. एका लग्नात तर मी ऐकलं, सूर असा तुटत होता की दमेकरी जिना चढतोय वाटावं. आणि खाली बसलेली माणसं मनगटाकडे बघत होती, आपल्याला आत्ता काय वाटलं ते वाचायला.

सिद्धा मात्र खुशीत होता, आणि त्याची खुशी खोटी नव्हती, हे सांगायला हवं. तो धावत बिराकडे आला. म्हणाला, दादा, शेड सोड. आता तुझ्या नावावर माझ्यापेक्षा जास्त पडतील. वाटेही परत सारखे करू. तू फक्त मी मान हलवली की थांबायचं.

बिराच्या हाताला डाळिंबाचे डाग होते. तो ते पुसत बसला. मला वाटलं, जाईल हा. पोरीचं लग्न तोंडावर आहे, जाईल. गेला असता तर मी बोललेही नसते.

"सिद्धा," तो म्हणाला, "सोडायचे पैसे घेतले, तर इतकी वर्षं धरला होता तो कशाला, हे मी कुणाला सांगू?"

सिद्धा उठून गेला. त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलेना.

पोरगी म्हणजे अनुष्का, बिराची एकुलती एक. तिचं लग्न दारातच करायचं ठरलं, कार्यालयाचा फळा मला माझ्या नातीच्या डोक्यामागे नको होता. आमच्यात वाजंत्र्याच्या घरचं लग्न घरचा ताफा वाजवत नाही. दुसऱ्या गावचा ताफा येतो, नारळाशिवाय एक पैसा घेत नाही, आणि त्यांच्या घरी कार्य निघालं की आपण जायचं. मी सांगोल्याच्या माणसांना निरोप धाडला. त्यांचा म्होरक्या तुकारामतात्या, माझ्या नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून वाजवलेला माणूस. फोनवर तो रडकुंडीला आला. म्हणाला, आक्का, फुकट वाजवणं करारात बसत नाही. नारळ घेतला तर ती सुपारी धरतात. नाव काढून टाकलं तर पोरं खातील काय? मग मी जतला विचारलं, पंढरपूरला विचारलं. कुणालाच फुकट वाजवता येत नव्हतं. पट्ट्या घातलेल्या पाहुण्यांसमोर वाजवतो म्हणाले, हवं तर थांबे कमी ठेवतो.

सखू म्हणाली, डबी लावू. मी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुढचं वाक्य गिळलं.

लग्नाच्या आदल्या सकाळी मी सूप काढलं. त्यात तांदूळ घातले, नारळ ठेवला, सुपारी ठेवली, आणि माझ्या पाटल्या विकून आणलेली रक्कम ठेवली. दोन वाजंत्र्यांचा पुरा वाटा, एक रुपया कमी नाही. नामदेवला मी यात ओढलं नाही, त्याचं नाव लहरवर राहू दिलं. जन्मभर सूप घेतलं होतं, द्यायची ही पहिलीच खेप. शेजारचं घर, पण परक्या वाजंत्र्याला बोलवायला जावं तशी मी नवं लुगडं नेसून गेले, आणि सिद्धासमोर सूप ठेवलं.

वैजयंता आतून आली. ती भांडायला आली होती, आणि तिला भांडायचा हक्क होता. आत्या, नारळ घेतला की ह्यांचं नाव गेलं, ती म्हणाली. परत कुठल्या कार्यालयात ह्यांना पाय ठेवू देणार नाहीत. गाडीचे हप्ते तुमचा सूर भरणार आहे का?

मी म्हटलं, "नाही भरणार. मी त्याला आई म्हणून सांगायला आले नाही. यजमानीण म्हणून आले. वाजवणार नसेल तर सूप परत दे, मी रागावणार नाही."

हे मी खोटं बोलले. मी रागावणारच होते. सिद्धा खुर्चीतून उठला नाही, सुपाला हात लावला नाही. मी सूप तिथेच ठेवून आले.

लग्नाच्या दिवशी दारात मी स्वतः परडी घेऊन बसले. येईल त्याने मनगट मोकळं करायचं, मगच मांडवात. काय कुरकुर झाली म्हणता. व्याही म्हणाले, आक्का, माझी साखर हीच मोजते. मी म्हटलं, एक तास न मोजता राहा, नाही मरत. एक मामी पट्टीशिवाय आत गेल्या आणि उघडं पडल्यासारखं मनगट पदराखाली झाकून बसल्या. परडी भरली. बिराने माळ्यावरून सूर काढला होता आणि तो मांडवाच्या मधोमध, चपलांपासून चांगला लांब, घोंगडीवर एकटा बसला होता. पोरीचा बाप, डोक्याला फेटा, आणि मांडीवर सूर. शेजारची जागा रिकामी. सखूचा भाऊ येऊन कानात म्हणाला, मुहूर्त आला, नुसत्या सुरावर लावायचं का लग्न?

तेवढ्यात सिद्धा आला. हातात सूप, तसंच्या तसं, तांदूळही सांडले नव्हते. मला वाटलं परत द्यायला आला. त्याने माझ्यासमोर उभं राहून कानातलं बोंडूक काढलं, मनगटावरची पट्टी काढली, परडीत टाकली. मग नारळ कपाळाला लावला आणि आत गेला. भावाकडे न बघता घोंगडीवर बसला. बिराने गाल भरले.

मंगलाष्टकं झाली. अंतरपाट निघाला, आणि सिद्धा चढला. सवयीने चढला, अगदी वरपर्यंत. तिथे गेल्यावर त्याची मान हलली. ती मुद्दाम हलवली नसावी, दोन महिने रोज हलत होती म्हणून हलली. तो वर थांबला, सूर तुटायची वाट बघत.

बिराने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

सूर होता तिथेच राहिला. सिद्धा वर लोंबकळत राहिला, त्याचा दम संपत आला, त्याला जायला दुसरी जागा नव्हती. मग तो खाली यायला लागला. एकेक पायरी, घाई नाही, बाप यायचा तसा. सुरावर येऊन टेकला तेव्हा दोन्ही सनयांचा आवाज एक झाला, कोण कुठला ते मला ओळखू येईना, आणि मी त्या दोघांना जन्म दिलेला आहे.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे अक्षता टाकण्यात, आहेर देण्यात, नवरदेवाचे बूट शोधण्यात गुंतले होते. मागे कुणीतरी भाताला पाणी कमी पडलं म्हणून ओरडत होतं. अनूच्या गळ्यात हार पडला, लग्न लागलं. कुणाच्या अंगावर काटा आला की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्या अंगावर आला का, हे मी सांगणार नाही. तो माझा आहे.

लहरने चौथ्या दिवशी सिद्धाचं नाव काढलं. गाडी गेली. आता दोघे भाऊ शेडमध्ये डाळिंबं निवडतात, आणि वैजयंता माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. ईशानचा फोन आला होता, त्याला फार वाईट वाटलं म्हणे. त्याने ते कशाने मोजलं हे मी विचारलं नाही.

परवा दुपारी खरसुंडीकडचा एक माणूस आला. मुलीचं लग्न दारात करायचं म्हणाला. मनगटावर पट्टी होती, मांडीवर कापडी पिशवी होती. पाणी प्यायला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग अडखळत विचारलं, आक्का, पैसे आधी द्यायचे म्हणता. पण वाजवलेलं आवडलं नाही तर?

मी म्हटलं, "लग्न तुझ्या पोरीचं. ते लागेपर्यंत माझी दोन माणसं तिथनं उठणार नाहीत. आवडणं तुझं तू बघ."

तो बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसला. मी सूप आणायला उठले नाही, घाई केली नाही. माझे सासरे लिंबाखाली जसे बसले होते तशी पाय पसरून बसले. मग त्याने बंद सोडला आणि पिशवीतून नारळ काढला.